नंबर लागंल का, सर?

जुलै महिन्यात कोल्हापुरात दोन आकड्यांवर सगळ्यांची नजर असते. पहिला राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी. दुसरा, ज्यांच्या घरात बारावी झालेलं पोर आहे त्यांच्यापुरता, इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, मेरिट नंबर. पहिल्या आकड्याचे आपण सगळेच जाणकार. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले आणि ते पाणी शहरात कधी पोचणार, हे रिक्षावाल्यापासून भाजीवाल्या मावशींपर्यंत कुणीही सांगेल. दुसऱ्या आकड्याबाबत मात्र हीच शहाणी माणसं एकच प्रश्न घेऊन येतात: "सर, सीओईपीला नंबर लागंल का?" आणि हो किंवा नाही एवढंच ऐकायला थांबतात.

मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवायचो. निवृत्त झालो तरी जुलैत ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेजांच्या पसंतीची यादी, घेऊन पोरं घरी येतातच, सोबत आईवडील, कधी मामा. पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, सांगलीचं वालचंद ही इंजिनिअरिंग कॉलेजांची नावं प्रत्येक यादीत असतात. सीओईपी १८५४ सालचं, २०२२ पासून स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालेलं. व्हीजेटीआय १८८७ चं, वालचंद १९४७ चं. फी परवडणारी, नाव मोठं, जागा मोजक्या. त्यामुळे शक्यता किती, हा प्रश्न योग्यच आहे. त्याला हो-नाही असं उत्तर नसतं. पण "नशिबाचा खेळ आहे" म्हणून हात झटकायचंही कारण नाही. अंदाज बांधता येतो, आणि आपल्याकडे तर तो बऱ्यापैकी चांगला बांधता येतो.

आपल्याकडे म्हणण्याला कारण आहे. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियासारख्या सरकारी विद्यापीठानं २०२१ पासून प्रवेशासाठी एसएटी या परीक्षेचे गुण बघणंच सोडलं. तिथं शाळेतले गुण, निबंध, शाळेबाहेर काय केलं, घरची परिस्थिती असं सगळं वाचून माणसं ठरवतात. वाचणाऱ्याच्या मनात काय येईल याचं गणित बाहेरून कसं मांडणार? आपल्या राज्याच्या केंद्रीय प्रवेशाच्या, म्हणजे कॅपच्या, फेऱ्यांत निबंध नाही, मुलाखत नाही, वशिला नाही. एक मेरिट नंबर, एक पसंतीची यादी आणि कॉम्प्युटर. ही पद्धत किती न्याय्य, यावर वाद घालू तेवढा थोडा. पण अंदाज बांधणाऱ्याला हीच सोयीची.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

हे दरवर्षी सांगावं लागतं, म्हणून इथंही सांगतो. पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) गटाची सीईटी २०० गुणांची. गणिताचे ५० प्रश्न दोन-दोन गुणांचे, फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५० प्रश्न एकेका गुणाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परीक्षा कॉम्प्युटरवर आणि बऱ्याच सत्रांत होते. प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा, म्हणजे कुणाला सोपा, कुणाला अवघड. म्हणून सरळ गुणांची तुलना करत नाहीत. तुमच्या सत्रात जेवढी मुलं बसली, त्यातल्या शंभरात किती जणांचे गुण तुमच्याएवढे किंवा तुमच्यापेक्षा कमी, तो झाला पर्सेंटाइल. प्रत्येक सत्रात पहिल्या आलेल्याला १००. त्याला २०० पैकी २०० पडलेले असतीलच असं नाही.

म्हणजे ९९ पर्सेंटाइलचा सरळ अर्थ शंभरात एकच जण तुमच्या पुढे. ऐकायला झकास वाटतं. पण शंभरातला एक म्हणजे एकूण किती माणसं, हे बसलेल्यांच्या संख्येवर ठरतं, आणि सगळा घोळ तिथं आहे.

२०२४ मध्ये पीसीएम गटाची परीक्षा सुमारे २ लाख ९५ हजार मुलांनी दिली. २०२५ मध्ये सुमारे ४ लाख २२ हजारांनी. म्हणजे २०२४ ला ९९ पर्सेंटाइलच्या पुढे साधारण २,९५० मुलं होती आणि २०२५ ला त्याच ९९ च्या पुढे ४,२०० च्या वर. आकडा तोच, रांग सव्वा हजारानं लांबली. उलट बाजूनं बघा. रांगेत ३,००० वा असलेला मुलगा २०२४ ला ९८.९८ वर होता, तर २०२५ ला त्याच जागेवरचा मुलगा ९९.२९ वर. "गेल्या वर्षी ९९ ला मिळालं होतं की" हे वाक्य घेऊन बसलेला बाप २०२५ च्या ऑगस्टमध्ये का हिरमुसला, ते इथं कळतं. कॉलेज अवघड झालं नव्हतं, पट्टीवरच्या खुणा सरकल्या होत्या.

वरच्या टोकाला हे आणखी चिमटतं. ४ लाख २२ हजारांत पर्सेंटाइलचा एक दशांश म्हणजे ४२२ मुलं. ९९.८ आणि ९९.९ यांत फरक काय, असं म्हणणाऱ्यानं केशवराव भोसले नाट्यगृहात गच्च भरलेल्या रांगा डोळ्यापुढे आणाव्यात. त्यातल्या कित्येक रांगा मधे बसल्या आहेत.

म्हणून माझा पहिला नियम: पर्सेंटाइल बाजूला ठेवा, मेरिट नंबर घ्या. कॅपचा अर्ज भरून कागदपत्रं तपासून झाली की राज्याची गुणवत्ता यादी लागते, त्यात तुमचा क्रमांक असतो. परीक्षा दिलेले सगळेच अर्ज भरत नाहीत. कुणी आयआयटीकडे, कुणी एनआयटीकडे, कुणी दुसऱ्याच वाटेनं गेलेलं असतं. त्यामुळे हा क्रमांक पर्सेंटाइलवरून काढलेल्या हिशेबापेक्षा थोडा बरा येतो. सारखे पर्सेंटाइल आले तर पहिल्यांदा गणिताचा पर्सेंटाइल बघतात. वर्गात मी गणित गणित म्हणून का ओरडायचो, ते माझ्या जुन्या पोरांना आता कळलं असेल.

कटऑफ कुणी ठरवत नाही

"सीओईपीनं यंदा कटऑफ वाढवला." असं वाक्य मी अगदी शिकलेल्या माणसांच्या तोंडून ऐकलंय. कुठलंही कॉलेज कटऑफ ठरवत नाही. जागा भरत गेल्या, शेवटची जागा ज्याला मिळाली त्याचा क्रमांक म्हणजे कटऑफ. पुरानंतर भिंतीवर राहिलेली ओली रेघ जशी. रेघ बघून पाणी कुठवर आलं होतं ते कळतं. रेघ आहे म्हणून पुढच्या वर्षी पाणी तिथंच थांबणार नसतं.

ही परीक्षा आणि प्रवेश बघणारं सरकारी सीईटी सेल दरवर्षी प्रत्येक फेरीच्या कटऑफच्या याद्या पीडीएफमध्ये टाकतं. प्रत्येक शाखेखाली रकाने असतात आणि प्रत्येक रकान्यात मेरिट नंबर, त्याच्याखाली कंसात पर्सेंटाइल. बहुतेक जण कंसातला आकडा वाचतात. वाचायचा तो वरचा.

रकान्याचं नाव फोडून वाचायला शिका. जी-ओपन-एच, एल-ओबीसी-ओ, जी-एससी-एस अशी नावं असतात. पहिलं अक्षर जी असेल तर मुलगा-मुलगी दोघांसाठी, एल असेल तर फक्त मुलींसाठी राखीव. मधला भाग प्रवर्ग. शेवटचं अक्षर एच असेल तर होम युनिव्हर्सिटीच्या मुलांसाठी, ओ असेल तर बाहेरच्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांसाठी, एस असेल तर अख्ख्या राज्याची एकच रांग. जिथं एच आणि ओ अशी फाळणी असते तिथं ७० टक्के जागा होमला आणि ३० टक्के बाहेरच्यांना. कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांतून बारावी केलेल्या पोराचं होम शिवाजी विद्यापीठ. त्यानं पुण्याच्या एखाद्या संलग्न कॉलेजचा एच रकाना बघून खूश होऊ नये. त्याच्यासाठी तिथं ओ.

इथं एक मेख आहे. होम ठरतं ते बारावी कुठून केली यावर, राहता कुठं यावर नाही. गडहिंग्लजचं पोर दोन वर्षं लातूरला शिकून बारावी तिथून पास झालं तर त्याचं होम नांदेडचं विद्यापीठ. घरच्यांना हे ऑप्शन फॉर्म भरताना कळतं, तोवर काही करता येत नाही.

मुलींनी दोन्ही रकाने बघायचे, जी आणि एल. प्रवर्गातल्या मुलांनीही आपल्या रकान्याबरोबर खुला बघायचा, कारण खुल्या जागा सगळ्यांना खुल्या असतात. आणि या याद्यांत प्रत्येक रकान्यात छापलेला नंबर राज्याच्या सर्वसाधारण यादीतला असतो. ओबीसीच्या रकान्याशी तुलना करायची ती आपल्या सर्वसाधारण मेरिट नंबरचीच. जेईईवाल्यांनी मात्र इथं सावध राहावं. आयआयटी-एनआयटीच्या जोसा या प्रवेश फेऱ्यांत राखीव प्रवर्गाची क्लोजिंग रँक (शेवटची जागा मिळालेल्याचा क्रमांक) ही प्रवर्गातली रँक असते, देशाच्या एकत्रित यादीतली नव्हे. दोन्हीकडे एकच पद्धत असेल असं धरून चालणाऱ्यांची निराशा तरी होते किंवा उगाच पेढे वाटून होतात.

एका जागेचा रकाना

समजा एका शाखेत ६० जागा आहेत. महाराष्ट्रात ओबीसीला १९ टक्के, म्हणजे ११ जागा. एससीला १३ टक्के, ८ जागा. मराठा समाजासाठीच्या एसईबीसीला १० टक्के, ६ जागा. भटक्या जमातींपैकी एनटी-सीला साडेतीन टक्के, म्हणजे २. एनटी-डीला २ टक्के, म्हणजे १. आता यातही ७०-३० ची फाळणी झाली आणि शिवाय ३० टक्के मुलींसाठी काढले, तर काही रकान्यांत एखादी जागा उरते, काहींत तीही नाही.

खुल्या रकान्याचा कटऑफ पंधरा-सतरा मुलांमधल्या शेवटच्याचा असतो. एखादं पोर इकडेतिकडे झालं तरी तो फार हलत नाही. एका जागेच्या रकान्याचा कटऑफ मात्र एका मुलाची किंवा मुलीची गोष्ट असते. गेल्या वर्षी एका हुशार मुलीला घराजवळचं कॉलेज हवं होतं म्हणून तिनं ती जागा घेतली, तर आकडा लहान दिसतो. यंदा तशी कुणी नसेल तर तोच आकडा हजारानं मागे जाईल. अशा रकान्यात तीन वर्षांचे आकडे ८००, ५,२०० आणि २,१०० असे दिसले तर घाबरू नका आणि आनंदूही नका. त्या आकड्यांत माहिती फार थोडी आहे. अशा जागेला माझा सल्ला एवढाच: हवी असेल तर यादीत लिहा, भरवसा दुसऱ्या जागेवर ठेवा.

२००५ ची खूण

२०१९ च्या ऑगस्टमध्ये शहरातल्या पुष्कळ घरांत सामान माळ्यावर टाकून लोक निर्धास्त बसले होते. का? २००५ च्या महापुरात पाणी तिथवर आलं नव्हतं. भिंतीवर खूण होती. २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं आणि ती खूण पाण्याखाली गेली. २०२१ ला परत तसंच. खूण खोटी नव्हती. ती २००५ ची होती, एवढंच.

कटऑफही असाच त्या त्या वर्षाचा असतो. म्हणून अंदाज बांधण्याआधी विचारायचं, मधल्या काळात काय बदललं? गेल्या काही वर्षांत बरंच बदललंय.

मराठा समाजासाठीचा आधीचा एसईबीसी कायदा सर्वोच्च न्यायालयानं ५ मे २०२१ रोजी रद्द केला. त्यानंतर त्या समाजातली पुष्कळ मुलं आर्थिक दुर्बलांसाठीच्या ईडब्ल्यूएसमधून अर्ज करायची. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा कायदा येऊन १० टक्के एसईबीसी आरक्षण सुरू झालं, आणि कुणबी दाखले मिळालेले काही जण ओबीसीत गेले. तेव्हा ईडब्ल्यूएसच्या रकान्यातली गर्दी पांगली. २०२३ चा ईडब्ल्यूएसचा आकडा घेऊन पुढच्या वर्षांचा अंदाज करणं म्हणजे रस्ता वळल्यावर जुना नकाशा धरून चालणं. एसईबीसीला तर २०२४ च्या आधीची दोन-तीन वर्षं रकानाच नाही. (आरक्षणाच्या बाजूनं-विरुद्ध बोलायची ही जागा नाही. पण २६ जुलै १९०२ ला शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांत रिकाम्या होणाऱ्या ५० टक्के जागा मागासवर्गीयांना राखून ठेवल्या, तेही याच गावात आणि याच महिन्यात. दसरा चौकातल्या बोर्डिंगांवरून ऑप्शन फॉर्म घेऊन येणारी पोरं बघितली की मला ते आठवतं.)

दुसरा बदल जागांचा. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईनं २०२४-२५ पासून चांगल्या कॉलेजांवरची जागांची कमाल मर्यादा उठवली आणि खासगी कॉलेजांनी कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्सच्या तुकड्या भराभर वाढवल्या. सीओईपीच्या टोकाच्या शाखेवर याचा परिणाम जवळपास नाही, कारण तिथली रांग त्या जागांकडे बघतच नाही. मधल्या फळीत मात्र तो जाणवतो. वरची मुलं कॉम्प्युटरकडे सरकतात आणि त्याच दर्जाच्या कॉलेजातलं सिव्हिल, मेकॅनिकल एकाएकी हाताशी येतं. माझ्या मते कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या मुलांनी ही संधी जेवढी ओळखायला हवी तेवढी ओळखलेली नाही. पण मी जुन्या वळणाचा माणूस, गावातल्या फाउंड्र्या बघत मोठा झालो. माझं म्हणणं थोडं वजा करून घ्या.

तिसरा बदल परीक्षेचा. २०२६ पासून सीईटी वर्षातून दोनदा घेऊन त्यातला चांगला गुणांक धरण्याचं सरकारनं जाहीर केलं. दोन प्रयत्नांतला चांगला धरला की जवळपास प्रत्येकाचा पर्सेंटाइल थोडा वर दिसतो, रांगेतली जागा मात्र सगळ्यांची वर सरकू शकत नाही. "दुसऱ्या वेळी माझे ०.४ वाढले" याचा आनंद करा, पण शेजाऱ्याचेही वाढलेत हे विसरू नका. पुन्हा तेच: मेरिट नंबर.

आता अंदाज

इतकं बघून झालं की कागद घ्या. गेल्या जुलैत आलेल्या एका मुलीचंच उदाहरण घेतो. वडील नदीकाठच्या चिखलीचे शेतकरी, ती ओबीसीतून. तिचा मेरिट नंबर ४,१०० धरू, आणि ज्या शाखेवर तिचा जीव होता तिचा तिच्या रकान्यातला शेवटच्या फेरीचा नंबर तीन वर्षांत ३,६००, ४,३०० आणि ३,९०० असा होता असं धरू. आकडे समजावण्यापुरते बदलून घेतलेत.

तीनपैकी एका वर्षी तिला जागा मिळाली असती, दोन वर्षी थोडक्यात हुकली असती. म्हणजे शक्यता तिनात एक? जवळपास, पण पूर्ण नाही. समजा तिन्ही वर्षी मिळाली असती, तर शक्यता शंभर टक्के म्हणायची का? तीन वर्षांच्या अनुभवावर एवढं बोलायचं धाडस कुणी करू नये. अठराव्या शतकात लाप्लास या फ्रेंच गणितज्ञानं यासाठी एक साधी युक्ती दिली: जमलेल्या वेळांत १ मिळवा, एकूण वेळांत २ मिळवा, आणि भागा. तिन्ही वर्षी जमलं असतं तर पाचात चार. दोनदा तर पाचात तीन. एकदा तर पाचात दोन, म्हणजे या मुलीला दहात चार. एकदाही नाही तर पाचात एक. थोड्या अनुभवावर फार बोलायचं नाही, एवढंच ही युक्ती सांगते.

अर्थात ती अंतर बघत नाही. तुमचा नंबर ९,००० आणि कटऑफ कधी ४,३०० च्या मागे गेलेला नसेल, तर पाचात एक म्हणणं ही स्वतःची फसवणूक. आणि तुमचा नंबर १,२०० असेल तर पाचात चारवर घाबरण्याचंही कारण नाही. म्हणून युक्तीनं आलेल्या आकड्याला अंतर बघून हातानं थोडं ढकलायचं. तीन वर्षांत कटऑफ किती हलला ते बघा. या उदाहरणात सातशेनं. सातशेच्या आतलं अंतर म्हणजे काहीही होऊ शकतं. दुप्पट-तिप्पट अंतर म्हणजे जवळजवळ ठरलेलं, वरच्या बाजूला किंवा खालच्या. मग वर सांगितलेले बदल आठवून पुन्हा एक बोटभर इकडेतिकडे. ज्या फेरीचा आकडा घेता ती तिन्ही वर्षी एकच असू द्या. पहिल्या फेरीचा आकडा कडक असतो, पुढे जागा रिकाम्या होत जातात. टोकाच्या शाखेत फरक किरकोळ, मधल्या शाखांत खूप.

इंटरनेटवरचे प्रेडिक्टर काय करतात? गेल्या वर्षीचा एक आकडा घेऊन तुमच्या आकड्याशी ताडून "८२ टक्के शक्यता" असं रंगीत चौकटीत दाखवतात. ८२ कुठून आले, ८१ का नाहीत, हे विचारायची सोय नसते. मी पोरांना सांगतो, दहात किती ते सांगा. दहात चार, दहात आठ. त्याहून बारीक सांगणारा विकायला बसलाय.

दहा पर्याय म्हणजे दहा संधी नव्हेत

एका काकांनी मला गणित करून दाखवलं होतं. प्रत्येक ठिकाणी चाळीस टक्के शक्यता असलेली दहा कॉलेजं यादीत घातली, म्हणजे एकाही ठिकाणी न लागण्याची शक्यता अर्ध्या-पाऊण टक्क्याएवढीच! गुणाकार बरोबर होता. पण नाणं दहा वेळा उडवलं की प्रत्येक वेळचा निकाल वेगळा लागतो. कॅपमध्ये नाणं एकदाच उडतं. तुमचा मेरिट नंबर एकच, आणि यंदाची रांग पुढे सरकली तर ती सगळीकडे एकदम सरकते. पंचगंगा चढली की सुतारवाडा, शाहूपुरीतली कुंभार गल्ली आणि व्हीनस कॉर्नर एकमेकांना विचारून भिजत नाहीत. सारख्या कटऑफची दहा कॉलेजं लिहिली तरी एकातून हुकलं तर बहुधा नऊमधूनही हुकेल. दहांची मिळून शक्यता शंभराच्या जवळ जात नाही, चाळिसाच्याच थोडी वर राहते.

म्हणून यादी उभी पसरायची. वरती ज्यांचा कटऑफ आपल्यापुढे आहे अशा हव्याशा जागा, मधे अटीतटीच्या, आणि खाली आपल्यापेक्षा कितीतरी मागच्या नंबरला बंद होणाऱ्या चार-पाच, पण जिथं खरोखर जायची तयारी आहे अशा. खालच्या जागा लिहायला लाज वाटते, हे मला कळतं. तरी लिहा.

आणि क्रम? जे सगळ्यात जास्त हवं ते सगळ्यात वर. "अवघड कॉलेज वर लिहिलं की खालच्याची संधी जाते" ही अफवा अजून मेलेली नाही. कॉम्प्युटर मेरिट नंबरानं एकेकाला घेतो आणि त्याची यादी वरून खाली वाचत जातो, पहिली रिकामी जागा दिसली की देतो. तुमचा चौथा पर्याय वाचला जातो तेव्हाही तुमचा नंबर तोच असतो. तुमच्यामागच्या कुणी ती जागा मधल्यामध्ये पळवलेली नसते, कारण त्याची पाळीच आलेली नसते.

एका मुलाला एका क्लासवाल्यानं सांगितलं, मिळणारं कॉलेज वर टाक. त्यानं टाकलं, आणि ते पहिल्याच फेरीत मिळालं. पहिला पर्याय मिळाला की सीट आपोआप फ्रीझ होते, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. त्याला मनापासून हवं असलेलं कॉलेज त्याच्याहून दोनशेनं मागच्या नंबरला बंद झालं. ते त्यानं तिसरं लिहिलं होतं.

२०२५ पासून चार फेऱ्या झाल्या आणि हा नियम आणखी कडक झाला. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कुठलाही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कुठलाही मिळाला तर तो घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे पहिल्या सहांत "बघू तरी" म्हणून एकही नाव घालू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात, कारण इथं शक्यता वगैरे काही नसते, असतात किंवा नसतात. जात पडताळणी आणि नॉन-क्रिमिलेयर दाखला अर्जापुरता पावतीवर भागतो, पण ठरलेल्या तारखेला मूळ दाखला आला नाही तर तुम्ही खुल्या रांगेत, आणि वर केलेला सगळा हिशेब दुसऱ्या रकान्याचा. घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसही भरा. ५ टक्के जादा जागा, शिकवणी शुल्क माफ. फक्त तिचा कटऑफ त्याच शाखेच्या खुल्या जागेपेक्षाही बहुधा कडक असतो, तेव्हा ती वेगळा रकाना समजून मोजा.

त्या चिखलीच्या मुलीची यादी आम्ही दोन तास बसून लावली. जीव असलेली शाखा पहिली. खाली सांगलीच्या दोन, कराडची एक, आणि शेवटी कोल्हापुरातल्या तीन. वडील सगळा वेळ गप्प बसून ऐकत होते. उठताना म्हणाले, "दहात चार म्हंजे काय ओ सर? लागंल का न्हाई, तेवढं सांगा की."

मी म्हटलं, "तुमच्याकडं पाणी येणार आहे का यंदा?"

त्यांनी मोबाइल काढून बंधाऱ्याची पातळी बघितली. ३७ फूट आणि काही इंच. बाहेर पाऊस धरून होता.

"आज रातीला म्हसरं सोनतळीला न्यायला लागतील," ते म्हणाले आणि छत्री उघडून जिना उतरले.